रडका शिंजी? आधी त्या खुर्चीत बसून दाखवा

रातराणी (धागाकर्ती)
काल 'सध्या काय बघताय' या धाग्यावर बंड्या_९१ यांनी इव्हांजेलियनचा निकाल लावून टाकला (१९९५ ची जपानी ॲनिमे मालिका; शिंजी नावाच्या पोराला राक्षसांशी लढायला प्रचंड रोबोटमध्ये बसवतात ती). वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यांचंच वाक्य: "२६ भाग पोरगं रडतंय, वायर काढली की रोबोट पाच मिनिटांत झोपतो, आणि शेवटी सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवत 'अभिनंदन' म्हणतात. त्या शिंजीला सुरुवातीलाच दोन कानाखाली दिल्या असत्या तर चार भागांत उरकलं असतं." खाली पंधरा अंगठे. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते लांबत गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

बंड्याजी, पहिला भाग आठवा. बापाने तीन वर्षांत तोंड दाखवलेलं नाही. मग एक दिवस पत्र येतं. पत्र कसलं, कुठल्या तरी छापील कागदावर खरडलेला एकच शब्द: 'ये'. खाली सही, तीही 'बाबा' अशी नाही, 'गेंडो'. पोरगं येतं. बाप वरून काचेमागून बघतो आणि सांगतो, या रोबोटमध्ये बस आणि त्या राक्षसाशी लढ. शिंजी 'नाही' म्हणतो. चौदा वर्षांचं शहाणं पोर दुसरं काय म्हणेल? मग बाप काय करतो? आधीची पायलट रेई, तीही पोरच, तिला स्ट्रेचरवरून आणतो. डोळ्याला पट्टी, हाताला प्लास्टर. ती उठायला बघते आणि शिंजीच्या हाताला तिचं रक्त लागतं. तेव्हा तो बसतो.

याला तुम्ही रडका म्हणता! रेईला त्या यंत्राशी जुळायला सात महिने लागले होते, हे त्याच भागात मिसातो, तिथली अधिकारी, सांगते. याला सात मिनिटंही मिळत नाहीत. तिथली शास्त्रज्ञ रित्सुको म्हणते, "नुसतं बसायचं आहे." पुढे काय होतं? एक पाऊल टाकलं की तोंडावर आपटतो, हात मोडतो, डोळ्यात भाला शिरतो, आणि या सगळ्याची कळ त्याला जशीच्या तशी लागते. ऑफिसात पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला नाही म्हणून आपण आठवडाभर कुरकुरतो. असो.

बंड्या_९१
बापरे, माझ्या चार ओळींवर एवढा प्रबंध! आभारी आहे.
मुद्दा एवढाच की पहिल्या भागात बसला ते मान्य, पण पुढे काय? चौथ्या भागात पळाला. एकोणिसाव्यात पुन्हा पळाला. मधल्या काळात कानात इयरफोन घालून पडून राहायचं. 'पळायचं नाही, पळायचं नाही' म्हणत हाच पळतो. बाकीचं जग बुडालं तरी चालेल, याला आधी कुणीतरी जवळ घेतलं पाहिजे. १९९५ साली भारी वाटलं असेल. आज बघताना माझा जीव गेला.

गनप्ला_भाऊ
'कानाखाली' या विषयावर कुणी बोलत नाहीये म्हणून बोलतो. ते काम १९७९ सालीच झालेलं आहे. गुंडम ही जुनी रोबोट मालिका, तिचा नववा भाग. त्यातला पोरगा आमुरो 'मी नाही बसणार' म्हणतो, कॅप्टन ब्राइट दोन थोबाडीत ठेवून देतो, आणि आमुरो म्हणतो, बापानेही मला कधी मारलं नाही! जपानमध्ये हे वाक्य आजही विनोदासाठी वापरतात. थोडक्यात, यंत्रात बसायला नकार देणारं पोरगं हा इव्हाचा शोध नाही. सोळा वर्षं आधी गुंडमचा दिग्दर्शक तोमिनो करून बसलाय. आणि ती मालिका तेव्हा कुणी बघत नव्हतं, ५२ भागांची ठरलेली ४३ वर गुंडाळली. पुढच्या वर्षी प्लास्टिकची मॉडेलं बाजारात आली आणि मग लोकांना अक्कल आली. इव्हावाले सगळं श्रेय एकटे खातात.

रातराणी
भाऊ, कुठलाही धागा असो, तुम्ही गुंडमवर आणताच. मागच्या महिन्यात मिसळीच्या धाग्यावर पण आणलं होतं.

गनप्ला_भाऊ
तिथे संदर्भ होता.

आजीची_गोधडी
मी मुलाबरोबर पाहिली. तो चौदाचा आहे. डबा शाळेत विसरतो, सध्या तीन डबे तिकडेच आहेत. त्यामुळे या वयाच्या पोराच्या हातात जगाची सुरक्षा देणं ही कल्पनाच मला विनोदी वाटते. पण माझी तक्रार शिंजीबद्दल नाही, मिसातोबद्दल आहे, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.
बाई एकोणतीस वर्षांची. घरात बियरचे डबे आणि इन्स्टंट जेवणाची पाकिटं, फ्रिजमध्ये पेंग्विन (!). पोराला घरी आणते, चांगली गोष्ट. पण लढाईत हुकूम देणारी तीच, घरी 'कसं वाटतंय रे' विचारणारीही तीच. त्या पोराने तक्रार करायची ती कुणाकडे? साहेबांची तक्रार साहेबांच्याच घरी जेवताना? शाळेत समुपदेशक असतात की, त्या एवढ्या मोठ्या संस्थेत एक नेमता आला नाही?

टिंबटिंब
गोधडीताई +१. पेंग्विन मात्र निर्दोष आहे.

बंड्या_९१
मूळ मुद्दा बाजूलाच. कंटाळवाणी आहे की नाही ते बोला. बाविसाव्या भागात लिफ्टमध्ये असुका आणि रेई या दोघी पायलट पोरी तीसेक सेकंद नुसत्या उभ्या आहेत. चित्र हलत नाही. आवाज फक्त लिफ्टचा. पैसे संपले म्हणून चित्र थांबवून ठेवायचं आणि आपण म्हणायचं वा वा काय दिग्दर्शन!

ओदावाराकर
एक मिनिट. लिफ्टचा तो प्रसंग पन्नास सेकंदांच्या आसपास आहे. तुम्हाला तीस कसे दिसले?

बंड्या_९१
अंदाजे लिहिलं हो. स्टॉपवॉच लावून बसायचं का?

ओदावाराकर
पन्नास भागिले दीड, तेहेतीस. तुम्ही दीडपट वेगाने पाहिलीत का?

बंड्या_९१
हो, मग? २६ भाग कोण साध्या स्पीडने बघतं हल्ली?

टिंबटिंब
दीडपट शहाणे!!! धागा सार्थकी लागला.

रातराणी
मी हात जोडले. साहेब, ती शांतता हाच तो प्रसंग आहे. असुकाला त्या मुलीशेजारी एक क्षण उभं राहवत नाही आणि लिफ्ट काही थांबत नाही. आपल्यालाही बाहेर पडता येऊ नये म्हणून चित्र हलत नाही. चोविसाव्या भागात शिंजी त्याच्या मित्राला, कावोरूला, रोबोटच्या मुठीत धरून उभा असतो, मिनिटभर, मागे बीथोव्हेनची नववी सिम्फनी चालू. ती पण दीडपट ऐकलीत? कोरस चिपमंकसारखा वाटला असेल.

बंड्या_९१
आवाज चिरकत नाही हल्ली, ॲप सांभाळून घेतं. आणि पैसे नव्हते ही गोष्ट तुम्ही सोयीने गाळताय. शेवटच्या दोन भागांत कच्ची रेखाटनं, थांबलेली चित्रं, काळ्या पडद्यावर अक्षरं. त्याला कला म्हणायचं तर आमच्या इंजिनिअरिंगच्या सबमिशनलाही कला म्हणा.

गनप्ला_भाऊ
हे मात्र बंड्याने बरोबर पकडलं. शेवटी वेळ आणि पैसा दोन्ही आटले होते. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्ही तोक्योवर भाग गेलाच पाहिजे. पण असल्या अडचणीत माणूस काय करतो यावरून तर कळतं ना तो कोण आहे ते. दिग्दर्शक आन्नोने जे होतं ते मांडलं. तो स्वतः त्याआधी काही वर्षं नैराश्यात काढून आला होता, हे त्याने लपवलेलं नाही. लोक इतके भडकले की १९९७ च्या चित्रपटात त्याने प्रेक्षकांकडून आलेल्या पत्रांची झलक दाखवून टाकली, शिव्यांसकट. आपल्याकडे कुणी दाखवेल?

सेन्सेई_पुणे
कावोरूचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण हे गेली कित्येक वर्षं माझ्या घशात अडकलंय. (पुण्यात जपानी शिकवतो, म्हणून आयडी तसा. मोठेपणा नाही.)
२०१९ ला नेटफ्लिक्सवर मालिका आली तेव्हा इंग्रजी भाषांतर नवं केलं. चोविसाव्या भागात कावोरू शिंजीला म्हणतो, "कोई नि अताई सुरु यो" (साधारण, 'तू आपुलकीच्या लायक आहेस'). शिंजी विचारतो, "कोई?" तेव्हा तो म्हणतो, "सुकी त्ते कोतो सा." जुन्या इंग्रजीत इथे 'लव्ह' होतं. नव्यात 'लाइक' झालं. जगभर बोंबाबोंब. अनुवादकाचं म्हणणं असं की मूळ वाक्य मोघम आहे, तर ते मोघमच राहू दे, प्रेक्षकाला ठरवू दे.
आता गंमत बघा. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत म्हणून त्याला एक निवडावा लागला. मराठीत हा प्रश्नच नाही. 'तू मला आवडतोस.' संपला विषय. वाक्याची घडण सुद्धा तीच: "वाताशि वा मांगो गा सुकी", 'मला आंबा आवडतो'. आवडणारा बाजूला, जे आवडतं ते कर्त्याच्या जागी. वर्गात हे सांगितलं की इंग्रजी माध्यमातली मुलं पण मान डोलावतात.

टिंबटिंब
सेन्सेई, गोड आहे पण यात अडचण झाकली जाते. त्या दोघांत जे आहे ते आहे. वीसेक वर्षं माझ्यासारखी माणसं त्या एका वाक्यावर जगली. कॉलेजात असताना मी ते दृश्य किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही, कारण पडद्यावर एक मुलगा दुसऱ्या मुलाला असं काही म्हणतोय हे मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं. मग एक दिवस नवी सबटायटल्स येतात आणि म्हणतात, छे छे, तसं काही नव्हतं, नुसतं 'बरा वाटतोस'.

बंड्या_९१
सगळीकडे तेच कसं दिसतं लोकांना? दोन मित्र बोलताहेत.

टिंबटिंब
दोन मित्र. हात हातात. आंघोळीच्या टबात. तुम्ही दीडपट पाहिलंत, त्यामुळे हात दिसायच्या आत सुटला असेल.

बंड्या_९१
वैयक्तिक होऊ नका.

टिंबटिंब
'सगळीकडे तेच दिसतं' हे वैयक्तिक नव्हतं का?

मावळतीकर
मराठीत प्रश्न नाही म्हणणाऱ्या सेन्सेईंसाठी एक सत्यकथा. अकरावीत मी एका मुलीला चिठ्ठी दिली: 'तू मला आवडतेस.' वहीच्या मागच्या पानावर, दोन रेघा सोडून, सुवाच्य. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर उत्तर आलं: 'मला पण तू आवडतोस. मित्र म्हणून.' ते शेवटचे दोन शब्द तिला जोडावे लागले, कारण नुसतं 'आवडतोस' लिहिलं असतं तर आज आमच्या घरी वेगळ्या भिंती असत्या. सांगायचं हे की मराठीत दोन माणसांमध्ये 'आवडतोस' हे काही आंब्याइतकं निरागस नाही. मोघम आहे, पण एका बाजूला झुकलेलं.

सेन्सेई_पुणे
अहो, नेमकं जपानीतही तसंच आहे! शाळेच्या गच्चीवर कुणी कुणाला 'सुकी' म्हणालं की तो प्रेमाचाच कबुलीजबाब. म्हणून तर 'आवडतोस' चपखल बसतो. टिंबटिंबना जे ऐकू येतं ते त्यात आहे. बंड्यांना जे ऐकू येत नाही, ते न ऐकायची सोयही त्यात आहे.

टिंबटिंब
हे शेवटचं वाक्य कौतुक आहे की टोमणा?

सेन्सेई_पुणे
मोघम आहे.

रातराणी
सेन्सेई, या एका वाक्यासाठी तुमचे सगळे अवांतर माफ.

सेन्सेई_पुणे
मग अजून एक अवांतर. त्या राक्षसांना सगळे 'एंजल' म्हणतात. मूळ शब्द 'शितो'. शितो म्हणजे देवदूत नव्हे, येशूचे ते बारा जण. आपल्या मराठी बायबलात त्यांना 'प्रेषित' म्हणतात, 'प्रेषितांची कृत्ये' असं अख्खं पुस्तक आहे. म्हणजे 'तिसरा प्रेषित तोक्योवर चालून आला'! काय वजन आहे! देवदूत म्हटलं की मला पंखवाली ग्रीटिंग कार्डं आठवतात.

गनप्ला_भाऊ
पण मालिकेत नियंत्रण कक्षाच्या पडद्यांवर इंग्रजीत 'एंजल' असंच येतं ना? ते तर त्यांनीच लिहिलंय. आणि एवढं वजन शोधू नका. सहदिग्दर्शक त्सुरुमाकीने सांगून टाकलंय की क्रॉस वगैरे घेतले ते बाकीच्या रोबोट मालिकांपेक्षा वेगळं दिसावं म्हणून, धर्माचा अर्थ त्यात नाही. लोक तीस वर्षं पोथ्या सोडून बसलेत.

आजीची_गोधडी
समुपदेशकाचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

ओदावाराकर
मी कामानिमित्त इथे जपानात, ओदावाराला राहतो. घरापासून हाकोने युमोतो पंधरा मिनिटं, डोंगरातली छोटी गाडी जाते. कथेतलं तोक्यो-३ तिथेच, आशी तलावाच्या काठी. आता तिथे मालिकेचं दुकान आहे, वडीलधारी माणसं किल्लीच्या साखळ्या घेताना दिसतात.
मला वेगळंच सांगायचंय. मालिकेत सतत सेमी ओरडत असतात. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात झाडावरून जे किर्रर्र चालू असतं ना, तसे किडे. शाळेत किर्र, स्टेशनवर किर्र, हॉस्पिटलात किर्र. भारतात पाहिली तेव्हा माझं लक्षही गेलं नव्हतं. इकडे पहिल्या नोव्हेंबरात हाकोनेला गेलो. पानं लाल झालेली आणि सगळं गप्प. थंडीत एक किडा नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला, त्या मालिकेत हिवाळा येतच नाही. २००० साली पृथ्वीचा आस कलंडला, तेव्हापासून जपानात कायमचा उन्हाळा. ती पोरं जन्माला आल्यापासून त्यांनी दुसरा ऋतू पाहिलेला नाही. कुणी बोलून दाखवत नाही, नुसते किडे ओरडतात.
आणि सहावा भाग! सगळ्या जपानची वीज, १८ कोटी किलोवॅट, एका बंदुकीसाठी. गावंच्या गावं काळोखात जातात ते दृश्य. २०११ च्या भूकंपानंतर वीज वाचवायच्या मोहिमेला इथल्या लोकांनी तेच नाव दिलं होतं, याशिमा मोहीम.

मावळतीकर
सहावा भाग पाहताना आमचे वडील खोलीत आले. सगळीकडचे दिवे जातात ते बघून म्हणाले, "काय, भारनियमन?" आणि गेले.

रातराणी
मावळतीकर, तुम्ही लातूरबद्दल एकदा लिहिलं होतं. ते इथे लिहा ना. बंड्यांसाठी.

मावळतीकर
लिहितो. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं नाही, सांगितलं. सोमवारी लातूर. खोलीत सहा खाटा, भिंतीला टेकलेल्या ट्रंका. पहिल्या रात्री झोप येईना. छताला चुना, मधोमध पंखा, त्याचं एक पातं वाकलेलं, दर फेरीला टक्क. ते टक्क मोजत होतो. बाराशेच्या पुढे सोडून दिलं.
पुढे दहा वर्षांनी इव्हा पाहिली. दुसऱ्या भागात शिंजी हॉस्पिटलात डोळे उघडतो, छताकडे बघतो आणि म्हणतो, अनोळखी छत. भागाचं नावच ते. मी तिथे थांबवलं आणि गच्चीवर जाऊन आलो. रोबोट वगैरे राहू द्या.

बंड्या_९१
लातूरला मी पण होतो. २००७.
पहिल्या रविवारी कॉइन बॉक्सवरून घरी फोन केला. मागे आठ जणांची रांग. आई म्हणाली जेवलास का, मी म्हणालो हो. रुपया संपला. रडलो असतो तर मला परत नेलं असतं का कुणी? नाही ना. मग रडायचं कशाला? क्लासला जायचं, टेस्ट द्यायची, झोपायचं. दोन वर्षं. मेडिकल काही लागलं नाही ते सोडा.
तर ते पोरगं जेव्हा 'मी नाही बसणार' म्हणून बॅग उचलून चालायला लागतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. दोनदा गेला तो. आणि दोन्ही वेळा कुणी त्याला ठार मारलं नाही. जाता येतं म्हणजे.
यावर कुणी बदाम टाकला तर ब्लॉक करीन.

टिंबटिंब
टाकत नाही. पण अठरावा भाग साध्या स्पीडने बघा एकदा. शिंजी सांगतोय की समोरच्या यंत्रात माणूस आहे, मी नाही मारणार. बाप स्विच फिरवतो आणि याच्याच यंत्राचे हात आपोआप चालू होतात. आत बसून बघत राहायचं फक्त. कानाखाली देऊन तुम्हाला हेच हवं होतं ना, गुपचूप काम करणारा शिंजी? तो तिथे आहे. त्यात शिंजी नाही एवढंच.

गनप्ला_भाऊ
बरं लिहिलंत. (गुंडमवाल्याकडून एवढंच मिळेल.)

बंड्या_९१
तीन दिवसांनी येतोय. अठरावा पाहिला. साध्या स्पीडने. मूठ आवळते तिथे पोळी हातातच राहिली.
शिंजीला कानाखाली देण्याचा प्रस्ताव मागे घेतो. ती गेंडोकडे वर्ग करावी. कावोरूबद्दल मी जे बोललो ते, ठीक आहे, टबातला हात पाहिला. पण २५ आणि २६ ही शुद्ध फसवणूक आहे आणि यावर मी मरेपर्यंत ठाम आहे.

टिंबटिंब
अभिनंदन!

मावळतीकर
अभिनंदन!

आजीची_गोधडी
अभिनंदन! (मुलगा पण म्हणतोय. एक डबा सापडला.)

ओदावाराकर
ओमेदेतो!

सेन्सेई_पुणे
अभिनंदन. आणि 'ओमेदेतो' मधला 'तो' दीर्घ आहे.

रातराणी
अभिनंदन! 👏

बंड्या_९१
हलकटांनो.

गनप्ला_भाऊ
मग आता गुंडम लावताय ना? ४३ च भाग आहेत.